वेगवेगळे बूट घालून घराबाहेर पडणं: पुन्हा पुन्हा का होतं आणि काय केलं की थांबतं

एका पायात काळा बूट, दुसऱ्यात गडद निळा. किंवा एका पायात रोजची सँडल आणि दुसऱ्यात त्याच कंपनीची, टाच झिजलेली, मागच्या वर्षीची. हे कळतं ते बहुतेक वेळा उशिरा. रिक्षात बसल्यावर, सिग्नलला पाय टेकवल्यावर, ऑफिसात पायावर पाय टाकून बसल्यावर, नाहीतर समोरच्याची नजर दोनदा खाली गेली की. एखाद्या वेळी झालं तर हसून सोडून द्यावं. पण काही घरांत हे ठरावीक काळाने होतच राहतं, कधी एकाच माणसाला, कधी आळीपाळीने सगळ्यांना. हे त्या घरांसाठी लिहितोय.

असं झालं की घरात पहिला प्रश्न येतो, "लक्ष कुठे असतं तुझं?" त्याचं उत्तर सरळ आहे. लक्ष डब्यात असतं, चुकू पाहणाऱ्या लोकलमध्ये असतं, मुलीच्या गणिताच्या पेपरात असतं, आणि सकाळी आठ वाजता ते तिथेच असायला हवं. हजारो वेळा केलेल्या कामावरून मन लक्ष काढून घेतं आणि हातापायांवर सोपवून देतं. तसं नसतं तर दात घासतानाही आपण दमलो असतो. जेम्स रीझन नावाच्या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने हा विषय आयुष्यभर अभ्यासला. चहा करता करता त्याने एकदा मांजराचं खाणं किटलीत टाकलं आणि तिथून त्याचं कुतूहल चाळवलं. मग त्याने लोकांना आपापल्या अशा घसरणींच्या डायऱ्या लिहायला लावल्या. त्यातून दिसलं ते असं की या चुका अनोळखी ठिकाणी फारशा होत नाहीत. अगदी ओळखीच्या जागी, अगदी सवयीचं काम करताना, मन दुसरीकडे असताना होतात. आपल्या घराचं दार ही तर ओळखीची हद्दच.

अमेरिकेतल्या डोनाल्ड नॉर्मनने १९८१ मध्ये अशा चुकांचे प्रकार पाडले, त्यातला एक आपल्याला चपखल बसतो. काम बरोबर, वस्तू चुकीची. डोक्यात सूचना असते "दारातला काळा बूट घाल". ती सूचना एवढीच मोघम असते आणि दारात त्या वर्णनाचे चार बूट पडलेले असतात. हाताला जो आधी लागेल तो पायात जातो. म्हणून "उद्यापासून लक्ष देईन" हा इलाज टिकत नाही. इलाज दारातल्या त्या चार बुटांवर करायचा आहे, आणि तो एकदा केला की पुरतो.

बाहेर पडून झालं, आता कळलं

लिफ्टमध्ये कळलं तर परत फिरा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. स्टेशन गाठल्यावर कळलं तर आधी रंगाकडे बघू नका. उंची, पकड आणि माप बघा.

दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन सरळ उभे राहा. एका बाजूची कंबर वर उचलल्यासारखी वाटली तर तळांच्या जाडीत फरक आहे. थोडासा फरक एका दिवसापुरता खपून जातो. पण एका पायात सपाट चप्पल आणि दुसऱ्यात टाचेची सँडल असेल, तर दादरचा जिना चढून उतरेपर्यंत गुडघा बोलायला लागतो आणि संध्याकाळी कंबर. अशा वेळी स्टेशनबाहेर मिळेल ती रबरी चप्पल विकत घ्या आणि मोकळे व्हा. पकडीचं दुखणं जास्त फसवं. एक तळ नवा, खाचांचा, आणि दुसरा झिजून गुळगुळीत. कोरड्या रस्त्यावर काही जाणवत नाही. पावसात ओल्या फरशीवर मात्र एक पाय धरतो आणि दुसरा सटकतो. त्या दिवशी जिन्याचा कठडा सोडू नका.

मापाचं गणित असं. आपल्याकडचे सहा-सात-आठ हे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे असतात आणि त्यात एका नंबरचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आसपास. बूट एका नंबरने मोठा असेल तर टाच आत घासते आणि फोड येतो. पुढे कागदी रुमालाची घडी सरकवा, लेस घट्ट ओढा, दिवस निघतो. लहान असेल तर लेस शक्य तेवढी सैल करा आणि चालणं कमी करा. बोटं दाबली जात असतील तर दुसरा उपाय नाही.

दुचाकीवर असाल तर एक गोष्ट जास्तीची. आताच्या मोटरसायकलींवर डाव्या पायाने गिअर आणि उजव्याने मागचा ब्रेक. डावा बूट रोजच्यापेक्षा जाड असेल तर तो गिअरच्या दांड्याखाली नीट शिरत नाही, आणि उजव्या पायात सैल चप्पल असेल तर ब्रेक दाबताना ती फिरते. गल्लीतल्या गल्लीत दोन-चार वेळा दाबून बघा आणि मगच हमरस्त्याला लागा.

फरक फक्त रंगाचा असेल तर काहीही करू नका. हे धीर देण्यासाठी म्हणत नाही. थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून त्यांना भरलेल्या खोलीत पाठवलं आणि नंतर विचारलं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज साधारण निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात लक्षात आलं होतं जेमतेम पाव लोकांच्या. तो टी-शर्ट होता, डोळ्यांच्या समोर. बूट तर टेबलाखाली असतात. पाय मात्र एकमेकांशेजारी ठेवू नका. एक पुढे, एक मागे असला की तुलना होत नाही.

स्टेशनवरच्या पॉलिशवाल्याकडून तपकिरी बूट काळा करून घ्यायची युक्ती काही जण सांगतात. चामड्याचा बूट थोडा गडद होतो हे खरं, पण तो तपकिरी रंग पुन्हा मिळत नाही. मुलाखत किंवा साखरपुडा असला तरच तो बूट बळी द्यावा. लव असलेल्या चामड्याला तर पॉलिश लावूच नये. आणि एका अंगठ्याला बँडेज गुंडाळून लागल्याचं सोंग करणारे महाभागही आहेत. ऑफिसात मग दिवसभर "काय झालं?" याची उत्तरं द्यावी लागतात, त्यापेक्षा विजोड बूट परवडले.

तुमच्या घरचा प्रकार कोणता

चूक एकच दिसली तरी कारणं निरनिराळी असतात आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून मागच्या वेळी नेमकं काय झालं ते आठवा. अंधार होता का? मधेच कुणी हाक मारली होती का? दोन्ही जोड जवळजवळ सारखे आहेत का? आदल्या रात्री चपला कुठे काढल्या होत्या?

रंगात फसगत होत असेल, म्हणजे काळा-निळा किंवा काळा-तपकिरी अशीच गल्लत दर वेळी होत असेल, तर दोष उजेडाचा आहे. आपल्याकडे पादत्राणं घराबाहेर किंवा दाराला लागून राहतात. म्हणजे जिन्याच्या कोपऱ्यात, बोळात, चाळीच्या गॅलरीत, नाहीतर दाराआड. घरातला सगळ्यात मंद दिवा नेमका तिथेच असतो. कमी उजेडात रंग ओळखणाऱ्या पेशी ढेपाळतात आणि रंग न ओळखणाऱ्या पेशी काम ओढतात. लाल छटेचे रंग तर आधी काळे पडतात. हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने टिपून ठेवलं होतं. मरून आणि तपकिरी चपला पहाटे काळ्या दिसतात त्या यामुळे. निळ्याचं दुखणं वेगळं. पिवळट दिव्यात मुळात निळा प्रकाशच कमी असतो. बुटाला परत फेकायला निळा मिळालाच नाही तर गडद निळा आणि काळा यांत फरक उरणार कुठून? त्यातून दोन रंग एका दिव्याखाली तंतोतंत सारखे आणि दुसऱ्याखाली वेगळे दिसू शकतात. साडीच्या दुकानात ब्लाउजपीस घेताना बायका कापड उचलून दारापर्यंत जातात, त्यामागे हेच आहे.

याची खात्री करायला काही लागत नाही. संशयित दोन्ही जोड आहेत तिथेच ठेवा, सकाळी ज्या वेळी निघता त्याच वेळी, तोच दिवा लावून बघा. मग दोन्हींतला एकेक बूट खिडकीत नेऊन बघा. खिडकीत फरक ढळढळीत आणि दारात नाहीसा, असं झालं तर दिवा बदलायचा. दारातही फरक दिसत असेल तर मग तो दिवा सोडा, पुढे वाचा.

मला विचाराल तर बहुतेक घरांत खरा गुन्हेगार असतो जुना जोड. नवे बूट आले की जुने टाकले जात नाहीत. "पावसात होतील", "गावी गेल्यावर होतील", "खाली भाजी आणायला होतील". आणि माणूस पुन्हा तोच बूट घेतो, कारण मागचा पायाला बसला होता. परिणामी एकाच जातीचे, एकाच रंगाचे, एकाच मापाचे दोन जोड एका फळीवर शेजारी नांदतात. यांत फरक रंगाचा नसून झिजेचा असतो, आणि झीज तळाला असते, म्हणजे वरून दिसत नाही. कुठलाही दिवा याला पुरा पडणार नाही.

या चुकांना मोसमही असतो. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात माळ्यावरून पावसाळी चपला, गमबूट खाली येतात, पण चामड्याचे जोड अजून वर गेलेले नसतात. गणपती-नवरात्राच्या सुमारास उलटं. परतीचा पाऊस संपलेला नसतो, चामड्याचे मात्र खाली आलेले असतात. या दिवसांत दारात दोन ऋतूंच्या चपला एकमेकींत मिसळतात. तुमच्या घरी चुका याच सुमारास होत असतील तर वर्षभराची शिस्त लावायची गरज नाही. एक संसार वर गेल्याशिवाय दुसरा खाली आणू नये, एवढं पुरतं.

व्यत्यय हा तिसरा प्रकार, आणि तो ओळखायला सोपा. एक बूट चढवला, तेवढ्यात फोन वाजला, किंवा डबा आत राहिला, किंवा किल्ली सापडेना. माणूस लंगडत आत गेला, परत आला, आणि उरलेला पाय समोर दिसेल त्यात घातला. या लोकांच्या विजोड बुटांत रंगाचं साम्य असेलच असं नाही. एका पायात बूट आणि दुसऱ्यात फ्लोटर घालून पार बस स्टॉपपर्यंत गेलेले लोक याच गटातले. मनाने "बूट घालणं चालू" अशी नोंद केलेली असते, कुठले ते नोंदीत नसतं.

चौथा प्रकार सहसा कुणी मोजत नाही, पण मी तो वर ठेवेन. चूक सकाळची नसतेच, आदल्या दिवशीची असते. रात्री दमून आलेला माणूस एक चप्पल इकडे, एक तिकडे भिरकावतो. सकाळी केर काढताना कुणीतरी ती झाडूने किंवा पायाने रॅकखाली सारतं. घरकामाला येणाऱ्या मावशी तर सगळ्या चपला नीट जोडीने लावून ठेवतात, पण त्या जोड्या त्यांच्या डोळ्यांनी लावलेल्या असतात. त्यांना काय माहीत की डावी साहेबांची नवी आणि उजवी जुनी? आपण बघतो तर दोन बूट शेजारी, टाच भिंतीला, सरळ रेषेत. इतक्या शिस्तीत ठेवलेल्या जोडीवर कुणी शंका घेत नाही. मावशींना दोष देण्याऐवजी त्यांना एकदाच दाखवून द्या कुठला कुणाचा, किंवा पुढे दिलेली खूण करा.

मुलांचं वेगळं. आठवडाभर काळे बूट आणि पीटीच्या दिवशी पांढरे, हा नियम बहुतेक शाळांत असतो. एक पांढरा आणि एक काळा घालून मूल सहसा जात नाही. जातं ते भावाचा एक आणि आपला एक घालून, कारण शाळा एक, बूट एकसारखे, माप तीन आणि चार. संध्याकाळी "बूट चावतो" अशी तक्रार आली तर नवे बूट घ्यायला धावण्याआधी दोन्ही बुटांच्या आतले आकडे वाचा. दुकानातून नवा जोड घेतानाही ते वाचावेत. काचेत मांडायला जोडातला एकच बूट बाहेर काढतात, आणि तो परत खोक्यात जाताना शेजारच्या नंबराच्या खोक्यात जाऊ शकतो.

दाराजवळची दुरुस्ती

पहिलं काम, रोजच्या जागेवर माणशी एकच जोड. बाकीचे कुठेही ठेवा, पण दार उघडताना हाताला लागणार नाहीत असे. वरच्या फळीवर, खोक्यात, पलंगाखाली. चार लोकांच्या घरात दारात चार जोड दिसले की जवळजवळ सगळे प्रकार एकदम निकालात निघतात. कारण उघड आहे. गल्लत व्हायला दुसरा जोडच हजर नसतो. जागा नाही म्हणून हे जमत नसेल तर निदान सारखे दिसणारे दोन जोड एका फळीवर ठेवू नका. काळ्याशेजारी पांढरा, निळ्याशेजारी कोल्हापुरी. सोसायटीच्या बोळात रॅक असेल तर तो तसाही फार मोठा करता येत नाही, कारण बोळ मोकळा ठेवायची नोटीस वर्षातून एकदा लागतेच.

जुना जोड पूर्ण काढून टाका. इथे घरात भांडण होतं हे मला ठाऊक आहे. तडजोड म्हणून जुना जोड गावाला पाठवा, गाडीच्या डिकीत ठेवा किंवा इमारतीतल्या वॉचमनदादांना विचारा. एक डावा फाटलाय म्हणून फक्त तोच टाकून उजवा "असू दे" म्हणून ठेवणारी घरं आहेत. तो एकटा उजवा म्हणजे पुढच्या चुकीची तरतूद आहे.

जोड वेगळा होऊ न देण्याची सोय दुकानदारांना केव्हाची माहीत आहे. कोल्हापुरी चपला दुकानात दोऱ्याने एकमेकींना बांधून टांगलेल्या असतात. घरी रोज गाठी मारणं कुणी करणार नाही, पण कपडे वाळत घालायचा चिमटा पुरतो. काढल्यावर दोन्ही चपला चिमट्याने एकत्र, बुटांची एकेक लेस चिमट्यात. रबरी स्लिपर एकमेकीच्या पट्ट्यात अडकवून ठेवा. हा उपाय फक्त सारख्या दिसणाऱ्या जोडांपुरताच करा, सगळ्यांना चिमटे लावत बसलात तर आठवड्यात कंटाळाल.

खूण करायची तर आतल्या बाजूला, टाच टेकते तिथे. पाय घालताना नजर तिथेच जाते. पांढऱ्या ऑइलपेंटचा ठिपका किंवा फिकट नेलपॉलिश. नव्या जोडाच्या दोन्ही बुटांत एक ठिपका, जुन्याच्या दोन्हींत दोन. स्केचपेनची शाई घामाने आठवडाभरात जाते. बाहेरच्या बाजूला खूण केली तर तुम्हालाच लाज वाटेल आणि पहिल्या पॉलिशमध्ये तुम्हीच ती झाकाल.

दिव्याचं म्हणाल तर माणूस आल्यावर आपोआप लागणारी एलईडीची छोटी पट्टी रॅकच्या वरच्या फळीखाली, पुढच्या कडेला चिकटवा. छताचा दिवा कितीही मोठा केला तरी वाकल्यावर तुमचीच सावली बुटांवर पडते, म्हणून उजेड खालून किंवा समोरून हवा. खोक्यावरचा आकडा बघून घ्या. २७०० केल्विन म्हणजे पिवळट, ६५०० म्हणजे दिवसासारखा पांढरा. रॅकला पांढरा घ्या. सीआरआय नावाचा आकडा दिला असेल तर तो ८० च्या वर, ९० असेल तर उत्तम. त्या दिव्यात रंग खरे दिसतात.

व्यत्ययवाल्यांना यातलं काहीच फारसं कामाचं नाही. त्यांच्यासाठी नियम एकच. आत जावं लागलं तर घातलेला बूट काढून आत जायचं, आणि परत आल्यावर दोन्ही पहिल्यापासून. आपल्याकडे हे तसं सोपं असायला हवं, बूट घालून घरात फिरलेलं आईला चालत नाहीच. दाराजवळ स्टूल ठेवा. उभ्याने घालणारा माणूस एक पाय, मग भिंत, मग दुसरा पाय असं करतो आणि मधल्या फटीत फोन शिरतो. बसून दोन्ही सलग घातले जातात, आणि उठताना दोन्ही एकदम नजरेखाली येतात.

शेवटची चाचणी डोळ्यांपेक्षा पायांनी करावी. उंबरठा ओलांडल्यावर दोन्ही टाचा एकदा एकत्र आणून वजन डावी-उजवीकडे हलवायचं. जाडी, घट्टपणा, तळाचा मऊपणा यांतला फरक पायाला लगेच कळतो. ज्याला रंगाचीच भीती आहे त्याने मोठ्याने बोलावं, "दोन्ही काळे". वेडेपणा वाटेल, पण आगगाडीच्या इंजिनात लोको पायलट आणि त्याचा सहायक सिग्नलचा रंग एकमेकांना मोठ्याने सांगतात तो याचसाठी. जपानी रेल्वेत तर कर्मचारी बोट दाखवून बोलतात. तोंडाने बोलायचं म्हटलं की डोळ्याला खरंच बघावं लागतं.

कोल्हापुरीबद्दल थोडं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि सीमेपलीकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांतल्या या चपलांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हाताने कापलेल्या, हाताने शिवलेल्या, त्यामुळे एकाच जोडातली डावी आणि उजवीसुद्धा हुबेहूब नसतात. घरात नवऱ्याने आणि भावाने एकाच दुकानातून, एकाच दिवशी घेतल्या असतील तर सुरुवातीला त्या ओळखू येणं कठीणच. पण काही आठवडे वापरल्यावर चामड्यावर पायाचा ठसा काळसर उमटतो आणि अंगठ्याची जागा खोल होते. पाय घातल्यावर अंगठा आपल्या खळग्यात बसला नाही तर ती तुमची नव्हे. उत्तरेकडच्या जुत्यांत तर डावं-उजवं असा भेदच शिवताना करत नाहीत, पायात घालून घालून त्या डाव्या-उजव्या होतात. युरोपातही एकोणिसाव्या शतकात बराच काळ दोन्ही पायांना एकाच साच्याचे बूट मिळत. त्या लोकांना आपलं दुखणं कळलंही नसतं.

जे चालत नाही

दारावर चिकटवलेली चिठ्ठी. पहिले काही दिवस दिसते, मग ती भिंतीचा भाग होते. दाराशेजारचा आरसा केसांसाठी लावलेला असतो, त्यात गुडघ्याखालचं काही दिसत नाही. लावायचाच तर अरुंद आणि जमिनीपर्यंत येणारा लावा. मोबाइलवरची रोजची आठवण आपण बंद करतो ती दुसऱ्या हाताने बूट चढवताना. आणि उद्याचे बूट रात्रीच बाहेर काढून ठेवणं हा बरा उपाय आहे, पण ते दिव्याखाली काढलेत तरच. अंधारात रात्री काढलेली चूक सकाळी उजेडात तशीच पायात जाते, कारण रात्री काढलं म्हणजे बघून काढलं अशी आपली खात्री असते.

घरातल्या मोठ्यांच्या बाबतीत

तरुण माणसाने विजोड बूट घातले तर वर लिहिलेलं पुरे. सत्तरीतल्या आजोबांनी घातले आणि ते नव्याने होऊ लागलं असेल, तर हसण्याआधी दोन-तीन गोष्टी बघाव्यात.

पहिली मोतीबिंदूची. वयाप्रमाणे डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि निळा प्रकाश आत कमी जातो. काळा आणि गडद निळा यांत गल्लत वाढते. मोज्यांतही तीच गल्लत होत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या.

दुसरी जास्त महत्त्वाची. दोन वेगळ्या जाडीच्या चपला घालून माणूस दिवसभर फिरला आणि त्याला पायात काही वेगळं जाणवलंच नाही, तर प्रश्न चपलेचा राहत नाही. मधुमेहात पायाच्या नसा हळूहळू बधिर होतात. अशा माणसाला चपलेत शिरलेला खडाही कळत नाही, आणि तिथून जखम सुरू होते. चालताना चप्पल पायातून निसटून जाते आणि पत्ता लागत नाही, हीसुद्धा त्याचीच खूण. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू पायाला ठिकठिकाणी टेकवून संवेदना तपासतात. दहा ग्रॅमच्या दाबाला तो वाकतो. दुखत नाही, काही मिनिटांत होतं. बधिरपणा असेल तर ते मऊ रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या एमसीआर चपला सुचवतील. अशा घरात रोज रात्री तळपाय बघायची सवय लावावी, वाकता येत नसेल तर आरसा धरून.

तिसरी, विजोड चपलांबरोबर सदऱ्याची बटणं वरखाली, गॅस चालू राहणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं असंही सुरू झालं असेल तर ते डॉक्टरांना सांगा. एकट्या चपलांवरून विसरभोळेपणाचा आजार ठरवू नका, तसा तो ठरत नाही. आणि कालपर्यंत ठीक असलेला माणूस आज अचानक गोंधळला, बोलणं जड झालं किंवा एक हात-पाय ढिला पडला, तर चपलांचा विचार सोडून १०८ ला फोन करा.

चूक आपली नसेल तर

मंगल कार्यालय, देऊळ, क्लास, योगवर्ग. इथे आपण नीट जोड घालून गेलेलो असतो आणि परत येताना एक आपली, एक कुणाची तरी. देवळात चप्पल-स्टँडचं टोकन घ्या. चोरीच्या भीतीने डावी एका कोपऱ्यात आणि उजवी दुसऱ्या कोपऱ्यात ठेवायची जुनी युक्ती आहे. चोराला ती अडवते खरी, पण गर्दीच्या दिवशी ती तुम्हालाही अडवते, कारण एकटी पडलेली चप्पल सेवेकरी उचलून ढिगात टाकतात.

लग्नात अदलाबदल झाली तर घाईने मिळेल ती जोडी घालून निघू नका. त्याने दोघांची अडचण चौघांची होते. शेवटची पंगत उठेपर्यंत थांबा. दारातली गर्दी ओसरली की उरलेल्यांत एक विजोड जोड दिसतो, एक तुमची आणि एक त्या दुसऱ्या माणसाची. तो माणूस बहुधा जवळचाच निघतो, वधूपक्षाकडचे कुणी काका. यजमानांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाका. फोटोत तळही दाखवा, कारण वरून सगळ्याच काळ्या चपला एकसारख्या. तोवर घरी जायचंच असेल तर तो विजोड जोड घालून जा, पण जाताना कार्यालयाच्या व्यवस्थापकाकडे फोन नंबर ठेवा. काका उद्या सकाळी तिथेच विचारायला येतील.